तुझ्या पहिल्या गटासाठी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात खाण्याच्या आजारांनी ग्रासलेल्या मुलींसाठीचा तुझा गट सुरू होतोय, जागा आणि वार ठरलाय, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझ्या शहरातल्या किती मुली आजवर 'भूकच लागत नाही, पोटात गॅस धरतो' म्हणत पोटाच्या डॉक्टरांकडे, पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि दात झिजले म्हणून डेंटिस्टकडे फिरत राहिल्या असतील. प्रत्येक ठिकाणी त्या त्या तक्रारीवर औषध मिळालं असेल, पण 'तुझं जेवणाशी काय चाललंय?' हे क्वचितच कुणी विचारलं असेल. ते विचारणारी जागा तू उभी करते आहेस.

पहिल्या सत्रात काय घ्यायचं, असं तू विचारलंस. ते सांगतेच, पण आधी गटात कुणाला घ्यायचं ते बघ. येणाऱ्या प्रत्येकीला अगोदर एकटीला भेट, घाई न करता. आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कुणालाच घेऊ नकोस. वारंवार उलट्या करणाऱ्या मुलीचं वजन अगदी चारचौघींसारखं असू शकतं आणि तरीही तिच्या रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलेलं असू शकतं की हृदयाचे ठोके बिघडावेत. नाडी, झोपून आणि उभं राहून घेतलेलं ब्लडप्रेशर, रक्ताची तपासणी, ईसीजी हे झालेलं असू दे. चक्कर येऊन पडणारी, झपाट्यानं वजन उतरत चाललेली मुलगी आधी रुग्णालयात जायला हवी. गट तिच्यासाठी नंतरही असेल. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवाला धोका होतो, म्हणून 'आता नीट जेवायला लाग' हा साधा वाटणारा सल्लासुद्धा गटानं परस्पर द्यायचा नाही. किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. त्याच पहिल्या भेटीत जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचार. या आजारांत तो धोका खरा असतो आणि विचारल्यानं तो वाढत नाही.

पालकांना भलत्या आशा दाखवू नकोस. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत बिंज ईटिंगसाठी, म्हणजे ताबा सुटून खूप खाण्याच्या आजारासाठी, गटातले उपचार ठळकपणे सुचवले आहेत: चार महिने, दर आठवड्याला दीड तास, अशी १६ सत्रं. ॲनोरेक्सियासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं उपाशी राहण्याच्या आजारासाठी, मात्र भर वैयक्तिक उपचारांवर आहे, आणि वयानं लहान मुलींच्या बाबतीत सगळ्या कुटुंबाला घेऊन करायच्या उपचारांवर. म्हणून ॲनोरेक्सिया असलेल्या मुलीच्या आईला स्पष्ट सांग, की गट हा तिच्या उपचारांचा एक भाग आहे, बाकीचं सगळं चालू राहायला हवं.

आपल्याकडे गट म्हटलं की लोकांना व्यसनमुक्ती आठवते. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, गावोगावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा भरू लागल्या, आणि आपलं दुखणं अनोळखी माणसांसमोर बोलून हलकं करता येतं हे मराठी घरांना त्यातून कळलं. हा वारसा तुझ्या उपयोगी पडेल. फक्त एक फरक कायम लक्षात ठेव. दारू पूर्ण सोडता येते, बाटलीकडे पुन्हा कधी न बघता जगता येतं. या मुलींना मात्र ज्याची भीती वाटते त्याच ताटासमोर रोज दोन-तीनदा बसायचं आहे, तेही घरच्यांच्या नजरेसमोर. त्यामुळे व्यसन सोडणारे करतात तशी 'इतके दिवस झाले' ही मोजणी इथे कामाला येत नाही, उलट घात करते.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुझ्या गटात पहिल्या मिनिटापासून एक गोष्ट चालू असेल, ती म्हणजे तुलना. दारातून आत येणारी प्रत्येक मुलगी बाकीच्यांची मनगटं, गाल, मांड्या बघून घेईल. सगळ्यांत बारीक मुलगी आपला नंबर टिकतोय का ते पाहील. जिचं वजन जास्त आहे ती ठरवेल की ही जागा माझ्यासाठी नाही, मला कसला आजार, माझा तोंडावर ताबा नाही एवढंच. हळूहळू सावरत आलेली मुलगी नव्यानं आलेल्या हडकुळ्या मुलीकडे पाहून मनातून हलेल, आपण काहीतरी गमावलं असं तिला वाटेल. आणि सगळ्यांच्या मनात शेवटी एकच वाक्य असेल: मी काही एवढी आजारी नाही. मी ज्या ज्या गटात बसले, तिथे हे वाक्य कधी ना कधी निघालंच. हा आजारच त्यांच्या तोंडून बोलत असतो. अजून थोडी बारीक हो, अजून थोडं सहन कर, मग तुला मदत मागायचा हक्क मिळेल, असं तो त्यांना सांगत राहतो.

म्हणून पहिल्या सत्रात कुठलाही खेळ, कुठलाही तक्ता आणू नकोस. ओळखी झाल्या की तूच म्हण, "आत्ता इथे बसल्या बसल्या आपण एकमेकींशी तुलना करतोय, असं मला वाटतं. कुणाला त्याबद्दल बोलावंसं वाटतंय?" मग थांब. शांतता लांबेल, तुला अवघडल्यासारखं होईल, तरी ती भरून काढू नकोस. एक जण बोलेल. तिच्यामागोमाग दुसरी म्हणेल, "मलाही तेच वाटलं, पण तुझ्याकडे बघून." जी गोष्ट प्रत्येकीनं आपली एकटीची लाज म्हणून वर्षानुवर्षं दडवली, ती समोरच्या खुर्चीतही बसलेली आहे, हे कळणं फार मोठं असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ इर्विन यालोम यांनी गटातून माणूस कशामुळे बरा होतो याची जी कारणं मांडली, त्यांत ही जाणीव आहेच. आणि बाहेरच्या हकिगतींपेक्षा इथे, आत्ता आपल्यात काय चाललंय त्यावर बोला, हाही त्यांचाच आग्रह. आपल्या या गटाला तो फार लागू पडतो.

याच कारणासाठी आकड्यांचा नियम कडक ठेव. वजन, कपड्यांचा साइज, कॅलरी, किती दिवस काही खाल्लं नाही, किती वेळा उलटी केली, यातलं काहीही गटात बोलायचं नाही. लपवायच्या आणि वजन उतरवायच्या युक्त्या तर अजिबात नाहीत. एकीनं पश्चात्तापानं सांगितलेला आकडा दुसरीसाठी उद्याचं लक्ष्य बनतो. कुणाच्या तोंडून निघालाच तर रागावू नकोस. तिला म्हण, "आकडा राहू दे, त्या वेळी मनात काय चाललं होतं ते सांग." तीन-चार वेळा हे झालं की मुली आपापसांतच एकमेकींना आठवण करून देतात.

व्हॉट्सॲपचा ग्रुप त्या करणारच. तू मनाई केलीस तर तुझ्या नकळत करतील. त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात उघडपणे बोलून घे: फोटो नाहीत, ताटांचे नाहीत आणि आरशातले तर नाहीतच. रात्री कुणाला फारच वाईट वाटलं तर त्याचा भार बाकीच्या मुलींवर पडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी साठवून घे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

गट जरा रुळला की डब्याचं सत्र ठेव. प्रत्येकीनं आपल्या आहारतज्ज्ञाशी ठरवून आणलेला डबा, सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. दुसरीच्या डब्यावर एक शब्द नाही, चांगला नाही की वाईट नाही. 'अरे वा, आज पोळी संपवलीस!' हेसुद्धा नको, कारण या कौतुकानं सगळ्यांच्या नजरा पुन्हा एका ताटावर जातात. जेवताना इकडच्या तिकडच्या गप्पा होऊ देत. जेवणानंतरचा अर्धा तास खरा कठीण, तेव्हा सगळ्यांनी तिथेच बसायचं आणि काय वाटतंय ते बोलायचं. वेळापत्रक करताना एकादशी, संकष्टी आणि नवरात्र टाळ. आपल्या घरांत उपवास हा या आजाराला मिळणारा सगळ्यात सोयीचा आडोसा आहे. पोरगी आठवड्यातले तीन वार धरते आणि आजूबाजूचे तिच्या श्रद्धेचं कौतुक करतात. आईवडिलांना सांग, आजारी माणसाला उपवासातून सूट असते, ही आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली रीत आहे. ते आजीनं सांगितलं तर अधिक चांगलं, मुली आजीचं ऐकतात.

एका सत्रात मिनेसोटाचा प्रयोग जरूर सांग. १९४४-४५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानं उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं जेवतं करावं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. शरीरानं आणि मनानं धडधाकट म्हणून निवडलेली ही माणसं. पण काही आठवड्यांतच ती दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली, एकेक जेवण तासन्‌तास पुरवू लागली. चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, उदास झाली. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काहींना थांबताच येईना. हे ऐकताना मुलींचे चेहरे बघ. आपला स्वभावच विचित्र आहे, आपण अधाशी आहोत, असं धरून बसलेल्या मुलीला पहिल्यांदा कळतं की यातलं बरंचसं उपासमारीचं आहे, अन्न नियमित झालं की ते ओसरू शकतं. आणि ते सगळे पुरुष होते, हेही सांग. एखादा मुलगा गटाची चौकशी करायला आला, तर त्याला परत पाठवू नकोस. जिमच्या आरशासमोर झुरणारे कितीतरी आहेत.

दुसरी गोष्ट प्रशांत महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशाची. तिथल्या एका भागात १९९५ साली टीव्ही आला. तोवर भरलेल्या अंगाची तिथे वाखाणणी व्हायची आणि कुणी वाळलं तर काळजी केली जायची, अगदी आपल्या आज्या 'किती सुकलीस गं' म्हणतात तशी. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेनं तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळालेल्या मुली १९९५ मध्ये १२.७ टक्के होत्या, १९९८ मध्ये २९.२ टक्के. तीन वर्षांत मुलींचे स्वभाव बदलत नाहीत, त्यांच्यासमोर धरलेला आरसा बदलतो. आपल्या मुलींसमोर तर लग्नाच्या जाहिरातीतली 'सडपातळ' वधू आहे, रील्स आहेत आणि प्रत्येक समारंभात 'जरा अंगानं भरलीस' म्हणणाऱ्या मावश्या-काकवा आहेत.

या मावश्यांना उत्तर द्यायचा सराव गटातच करून घे. तू सडपातळपणाविरुद्ध भाषण दिलंस तर मुली माना डोलावतील आणि घरी जाऊन काट्यावर उभ्या राहतील. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांनी शरीराविषयी नाखूश असलेल्या तरुण मुलींसाठी जो गटकार्यक्रम तयार केला, त्याचं मर्म इथेच आहे: बारीक असण्याच्या हट्टाची किंमत मुलींनी स्वतःच्या तोंडानं, इतरांसमोर मांडायची. जे आपण चारचौघांत ठामपणे बोलतो, त्याच्या विरुद्ध वागणं मनाला बोचायला लागतं. एकीला मावशी कर, दुसरीला उत्तर देऊ दे. एखादीला लग्नाआधी झटपट वजन उतरवायला निघालेल्या धाकट्या बहिणीला पत्र लिहू दे आणि ते वाचून दाखवू दे. तो कार्यक्रम मुळात आजार होऊ नये म्हणून आहे, फार आजारी मुलींना तेवढ्यानं भागणार नाही, पण हा भाग उचलण्याजोगा आहे.

त्या तुझ्याकडेही बघणार, याची तयारी ठेव. तू किती खातेस, डब्यातली पोळी अर्धी ठेवलीस का, ड्रेस बदललास का, सगळं टिपलं जाईल. कुणीतरी तोंडावर म्हणेल, "तुम्हाला काय कळणार, तुम्ही बारीकच आहात." गडबडून स्वतःची कहाणी सांगू नकोस. "माझ्याकडे बघून तुला काय वाटतं, ते सगळ्यांसमोर बोलशील?" असं विचार. आणि गट चालू असेपर्यंत स्वतः कुठलंही डाएट करू नकोस. हे मी अगदी आग्रहानं सांगते आहे. तुझ्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल जे काही असेल, ते माझ्याकडे आण किंवा तुझ्या थेरपिस्टकडे ने, पण त्या खोलीत आणू नकोस.

काही सत्रांनंतर एक-दोघी यायच्या बंद होतील. मेसेज पाठवून गप्प बसू नकोस, स्वतः फोन कर. एखादीला गटाचा त्रासच होत असेल, घरी गेल्यावर तिचं खाणं आणखी कमी होत असेल, तर तिला सन्मानानं बाहेर काढून वैयक्तिक उपचारांकडे पाठव आणि गटात तिच्याविषयी नीट बोलून घे, नाहीतर बाकीच्यांना वाटेल की इथून माणसं नाहीशी होतात.

दर सत्रानंतर रात्री मला फोन कर, गुरुवार सोडून कधीही. नोंदी पाठवताना नावं काढून टाक. पहिल्या फोनमध्ये कोण काय बोललं याआधी कोण गप्प होतं ते सांग, त्यांच्यापासून आपण सुरुवात करू.

तुझी,
ताई