दिवस भरले, पण कळा नाहीत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहिलं बाळंतपण, ३९वा आठवडा पूर्ण. सगळं नॉर्मल असूनही डॉक्टर म्हणतात, ‘कळा आणूया, सिझरची शक्यता कमी होईल.’ मैत्रिणी म्हणतात, कळांचं सलाईन लावलं की सिझर ठरलेलंच! (ठाणे)

उत्तर : मैत्रिणींचा समज जुना आहे, पण अगदीच निराधार नाही. पूर्वीच्या अभ्यासांत कळा आणलेल्या बायकांची तुलना आपोआप कळा सुरू झालेल्यांशी केली जाई, आणि त्यात कळा आणलेल्यांत सिझर जास्त दिसे. तुमच्यापुढे आज तो पर्याय नाही. कळा आणायच्या किंवा वाट बघायची, एवढंच हातात आहे. आणि वाट बघताना कुणाचं बीपी वाढतं, कुणाचे दिवस उलटतात. नेमकी हीच तुलना अमेरिकेतल्या ४१ रुग्णालयांत ‘अराइव्ह’ चाचणीत झाली. सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणी, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. २०१८च्या निकालात ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२. बीपीचा त्रासही पहिल्या गटात कमी. बाळांच्या तब्येतीत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि चाचणीचा मुख्य प्रश्न तोच होता.

म्हणजे सुमारे २८ जणींना कळा आणल्या तर एक सिझर टळतं. तेही कधी? तिथल्या डॉक्टरांना सूचना होती की पाणमोट फोडून, सलाईन लावून किमान बारा तास दिल्याशिवाय ‘कळा लागत नाहीत’ असं म्हणायचं नाही. तुमच्या दवाखान्यात एवढा धीर धरतात का, हे आधी विचारा. नसतील धरत, तर ते आकडे तुमचे नाहीत. आणखी एक : विचारलेल्यांपैकी बहुतेक जणींनी चाचणीत यायलाच नकार दिला होता. तुम्हीही थांबू शकता.

प्रश्न : सुनेचे ४१ आठवडे होऊन गेले. अजून किती थांबायचं? (सातारा)

उत्तर : फार नाही. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणणं आणि ४२ आठवड्यांपर्यंत थांबणं यांची तुलना सुरू होती. दहा हजार बायका घ्यायच्या होत्या. २,७६० झाल्यावर चाचणी थांबवावी लागली. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली होती, दुसऱ्यात एकही नाही. धोका एकूण कमीच, पण जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा आणायला सांगते. ‘नक्की’ हे पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून ठरवा.

प्रश्न : बीपी वाढल्यामुळे लवकर मोकळं करायचंय. फुगा बरा की गोळी? (वर्धा)

उत्तर : याचं उत्तर तुमच्या शेजारच्या नागपूरनेच दिलंय. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी वाढलेल्या ६०२ बायकांवर चाचणी झाली. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गर्भपिशवीच्या तोंडात फोलीचा फुगा (नळीच्या टोकाला पाण्याने फुगवायचा) घातलेल्यांपैकी ४७ टक्के जणींची २४ तासांत योनीमार्गे प्रसूती झाली. कळा आणणाऱ्या मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. माझ्या मते परदेशी आकड्यांपेक्षा हे आकडे आपल्याला जास्त उपयोगी. मात्र २०० मायक्रोग्रॅमच्या गोळीचे सुरीने तुकडे करून डोस देऊ नये. प्रत्येक तुकड्यात औषध कमीजास्त येतं. आधीचं सिझर असेल तर ही गोळी नकोच, पिशवीचा टाका उसवू शकतो.

प्रश्न : एरंडेल प्यायलं तर कळा येतात का? (मिरज)

उत्तर : जुलाब आणि मळमळ होऊ शकते, कळांचा भरवसा नाही. स्वतःहून घेऊ नका.

प्रश्न : रुग्णालयात ‘संशोधनासाठी सही करा’ म्हणाले. नवऱ्याने सही केली तर चालेल? (नांदेड)

उत्तर : नाही. सही तुमची हवी, माहितीपत्रक मराठीत हवं, नकार दिला तरी उपचार तेच मिळायला हवेत. मध्येच बाहेरही पडता येतं. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, विचारून घ्या. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. आणि कळा चालू असताना पहिल्यांदाच कागद पुढे आला, तर ‘आत्ता नाही’ म्हणायला संकोच करू नका. असं संशोधन आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीतच समजावून सांगायला हवं.