तोफगोळ्याचं भाडं कुणाच्या खिशातून?

प्रश्न असा आहे की अमेरिकन आर्मीच्या दारूगोळा खरेदीच्या बजेटमध्ये 'फर्स्ट डेस्टिनेशन ट्रान्सपोर्टेशन', म्हणजे कारखान्यापासून पहिल्या मुक्कामापर्यंतचं भाडं, अशी वेगळी ओळ कशाला, कंपनीने भाडं किमतीत धरून माल डेपोला पोचवावा की. मी काही वर्षं मालवाहतुकीच्या बिलिंगला होतो, सैन्याची बिलंही हाताखालून गेलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यातली बरीचशी काँट्रॅक्ट्स एफओबी ओरिजिन असतात, म्हणजे कारखान्याच्या दारात माल सरकारच्या ताब्यात गेला की पुढचं भाडं सरकारचं. ऑर्डर निघते तेव्हा माल ओक्लाहोमातल्या मॅकअलेस्टरला जाणार, इंडियानातल्या क्रेनला की युटातल्या टुएलेला हे पक्कं नसतं, त्यात ऑर्डर देऊन माल तयार होईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं. कंपनीला भाड्यासकट रेट मागितला तर ती सगळ्यात लांबचा डेपो धरूनच देणार, मी असतो तर मीही तेच केलं असतं!

आता खरी मेख. कारखान्यापासून पहिल्या साठवणीच्या किंवा वापराच्या जागेपर्यंतचा प्रवास हा खरेदीचाच भाग धरतात, तो प्रोक्युअरमेंटच्या (खरेदीच्या) पैशातून, आणि हा पैसा 3 वर्षं वापरता येतो. डेपोने माल उतरवून स्टॉकला घेतला की पुढची प्रत्येक हालचाल, म्हणजे डेपोतून युनिटला किंवा सनी पॉइंटसारख्या बंदराला, ही सेकंड डेस्टिनेशन, तिचा पैसा ऑपरेशन अँड मेंटेनन्समधून, म्हणजे रोजच्या कामकाजाच्या बजेटमधून, आणि तो एकाच वर्षाचा, 30 सप्टेंबरला नवीन खर्चासाठी संपला. तोच ट्रक, तोच गोळा, पण खिसा वेगळा, आणि या खिशातलं त्या खिशात केलं तर ती नुसती हिशेबाची चूक राहत नाही, ज्या कामाला पैसा मंजूर त्याच कामाला वापरायचा हा तिथे कायदाच आहे.

हे सगळं कागदावर कुठे दिसतं? एका चार अक्षरी कोडमध्ये, ट्रान्सपोर्टेशन अकाउंट कोड. एकदा आमच्याकडे कारखान्यातून पहिल्या डेपोला जाणाऱ्या एका खेपेवर चुकून सेकंड डेस्टिनेशनचा कोड पडला होता, माल कधीच पोचला, सह्या झाल्या, पण बिल परत! चार अक्षरं दुरुस्त व्हायला जवळपास दोन महिने गेले आणि तोवर ड्रायव्हरांचे पैसे आमच्या मालकाने खिशातून दिले, वर बोलणी खाल्ली ती मी.

आणि हे भाडं साधं नसतं बरं का. 155 मिमीचा एक एम795 गोळा साधारण 47 किलोचा, एका पॅलेटवर 8 गोळे. तिथल्या इंटरस्टेट हायवेवर भरल्या ट्रकला एकूण 80,000 पौंडांची मर्यादा आहे, त्यामुळे 400 च्या आसपास गोळे चढले की वजन संपतं, ट्रक मात्र वरून बघायला अर्धा रिकामाच. शिवाय गोळ्याच्या नाकात फ्यूज (गोळा फोडणारा भाग) नसतो, तिथे उचलायची कडी असलेलं बूच असतं. फ्यूज वेगळा येतो, गोळा तोफेतून ढकलणारी दारू म्हणजे प्रोपेलंट चार्ज वेगळा, ती पेटवणारा प्रायमर वेगळा. आपण 'एक राउंड' म्हणतो त्याचं भाडं तीन-चार ठिकाणांहून लागतं. त्यात धोकादायक वर्गाच्या मालाला दोन ड्रायव्हर आणि उपग्रहावरून सतत नजर, म्हणजे रेट आणखी चढा.

दुसरं विचारलंय की एवढी छोटी ओळ कापली तर काय बिघडतं. माझ्या मते कापायला सगळ्यात वाईट जागा हीच. कारखान्याच्या आवारात किती स्फोटक ठेवायचं याला वजन आणि अंतराची मर्यादा असते, तयार माल हलला नाही की कोठारं भरतात आणि मग भरणीची लाइनच थांबवावी लागते, पगार मात्र चालू. गोळ्यांचे पैसे मोजून झालेत आणि ते डेपोत नाहीत, असा प्रकार.

दुसऱ्या देशाला विकलेल्या मालाचं मात्र या ओळीत धरू नका, ते भाडं घेणाऱ्या देशाच्या खात्यावर लागतं.