चार जंगलं नकोत, दोन करा

प्रश्न : ताई, आम्ही साताऱ्याचे. भाऊबीज झाली की आठ दिवस हाताशी आहेत. मी, मिस्टर, सत्तरीतल्या सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. गाडी घरचीच आहे. मेळघाट, पेंच, नागझिरा आणि ताडोबा अशी चारही जंगलं करायचा बेत आहे. दिवाळीत वाघ दिसतो का? सगळे म्हणतात, वाघ बघायचा तर भर उन्हाळ्यात जा. सासूबाईंची कंबर, थंडी आणि मुलांचा कंटाळा यांचं काय करायचं तेही सांगा.

उत्तर : तुमच्या बेतातली दोन जंगलं आधी खोडते, मग बाकीचं बोलू. सातारा ते नागपूर हे अंतर आठशे किलोमीटरच्या वर आहे. आठातले चार दिवस येण्याजाण्यात गेले. उरलेल्या चारांत चार जंगलं घातली तर रोज सामान बांधायचं, रोज नवी खोली, आणि रानात जेमतेम एकेक फेरी. सासूबाई दुसऱ्याच दिवशी म्हणतील, तुम्ही जा, मी खोलीवर थांबते. तसं होऊ देऊ नका. मेळघाटाला घाटरस्ता आहे, तिथे तीन दिवस तरी निवांत हवेत. त्याचा वेगळा बेत करा. पेंच नागपूरपासून जवळ आहे, ते पुन्हा कधीही होईल. नागझिरा आणि ताडोबा ठेवा. नागझिऱ्यासाठी दोन रात्री साकोलीला, ताडोब्यासाठी दोन रात्री तिथल्या कोलारा गेटपाशी.

पहिल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरपर्यंतच या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला समृद्धीवर लागा आणि नागपूर, भंडारा, लाखनी करत दिवसाउजेडी साकोली गाठा. समृद्धी सरळसोट आहे, गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे, आणि त्यामुळेच डोळ्यांवर पेंग येते. निघण्यापूर्वी टायर दाखवून घ्या, दीडेक तासाने थांबून पाय मोकळे करा, मिस्टरांना एकट्याला चालवू देऊ नका.

आता वाघाचं. दिसतो, पण मे महिन्याइतका सहज नाही, हे घरातल्या सगळ्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात तीन महिने कोअरची, म्हणजे गाभ्यातली जंगलं बंद असतात, ती ऑक्टोबरात उघडतात. त्या वेळी गवत माणसाला झाकेल इतकं वाढलेलं असतं. नाल्यानाल्याला पाणी असतं, त्यामुळे जनावराला पाणवठ्यावर येण्याची गरजच नसते. उन्हाळ्यात वाघ पाण्याकडे येतो आणि आपण तिथे जाऊन बसतो. दिवाळीत त्याला शोधावं लागतं. पण या दिवसांत सकाळी दव इतकं पडतं की ओल्या गवतातून चालण्यापेक्षा त्यालाही रस्ताच बरा वाटतो, असं गाइड सांगतात. माझाही अनुभव तोच आहे. माझ्या आठवणीतले निम्मे वाघ मी नोव्हेंबरच्या सकाळी पाठमोरेच पाहिले आहेत, जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीच्या पुढे पुढे रस्त्याच्या मधोमध चालताना.

आणि शोधणं हीच खरी मौज आहे. मुलांना पहिल्याच फेरीत कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागली की जनावरं देतात ते इशारे, ओळखायला शिकवा. चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडतं, ते नुसत्या संशयावरही ओरडतं. वानर झाडावरून खॅक खॅक करतं, त्याला वरून दिसतं म्हणून त्याचं म्हणणं जास्त धरायचं. सांबराने ‘ढांक’ केलं तर मात्र श्वास रोखायचा, सांबर उगाच ओरडत नाही. मागे एकदा नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटमधून आत गेलो होतो. गाइडने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, “थांबा जी, कॉल होऊन राहिला.” इंजिन बंद केलं. वीस मिनिटं आम्ही नुसते ऐकत बसलो. सांबराचा आवाज नाल्याच्या पलीकडून सरकत सरकत डावीकडे गेला आणि विरला. वाघ काही बाहेर आला नाही. पण तो कुठून कुठे चालत गेला, हे जिप्सीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. सोबत माझी भाची होती, नऊ वर्षांची. घरी गेल्यावर तिने वहीत त्या नाल्याचा नकाशा काढला.

नागझिरा मी मुद्दाम आधी सांगते आहे. माझं बालपण साकोलीतलं, त्यामुळे त्या रानाबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. १९७० मध्ये ते अभयारण्य झालं, शेजारचं नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. ताडोब्याइतके वाघ इथे नाहीत आणि त्यामुळे ताडोब्याइतक्या गाड्याही नाहीत. रानगवा, अस्वल, रानकुत्र्यांची टोळी, यांच्यासाठी इथे यायचं. सांबराचे नर या दिवसांत माजावर यायला लागतात. चिखलात लोळून उठलेला, शिंगांत गवताचा झुपका अडकलेला सांबर एकदा जवळून बघा.

मुलांसाठी मात्र माझी पहिली शिफारस कोळ्याची आहे. पावसाळा सरला की नागझिऱ्यात दोन झाडांच्या मध्ये हातभर, कधी त्याहूनही मोठी जाळी लागलेली दिसतात. मधोमध काळी-पिवळी मादी, पाय पसरले तर मोठ्या माणसाच्या पंज्याएवढी. सकाळचं ऊन तिरपं आलं की जाळ्याचा धागा चक्क सोनेरी दिसतो. आपल्या डोळ्यांचा भास नाही तो, धाग्याचा रंगच पिवळसर सोनेरी असतो. आता नीट पाहा: त्याच जाळ्यात एका कडेला चिमुकला, तांबूस असा दुसरा कोळी असतो. मुलं म्हणतात, पिल्लू आहे. पिल्लू नव्हे, तो नर. गाइडला गाडी दोन मिनिटं उभी करायला सांगा. वाघाच्या मागे धावणाऱ्या गाड्यांना असं थांबायला कुणी सांगत नाही, त्यामुळे गाइडलाही बरं वाटतं. त्याच्याकडून ऐनाचं झाडही ओळखून घ्या, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असते.

एक सकाळ नवेगावबांधच्या तलावाला द्या. हा भाग तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव, त्यांनाच इकडे मामा तलाव म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वीच्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले. नोव्हेंबरात बदकं उतरायला लागतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे बरीच वर्षं होते. ५ नोव्हेंबर हा त्यांचा वाढदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. म्हणून महाराष्ट्रात हे दिवस पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. वाटेत धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कापणीला आलेल्या असतील. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरलेत, धानाच्या बांधीतच घरटं करतात, आणि शेतकरी ते राखतात. सासूबाईंना हे आवर्जून सांगा. गाडीत बसून, कंबर न हलवता बघता येईल असा माणसाच्या उंचीचा पक्षी आहे तो. नशिबाने दिसला तर शेतात उतरू नका, पीक उभं असतं.

साकोलीहून कोलाऱ्याला जाताना पवनी, भिवापूर, चिमूर असा रस्ता धरा. वैनगंगा ओलांडाल. मुलांना सांगा, ही ‘जय’ची वाट. नागझिऱ्यात वाढलेला हा वाघ २०१३ मध्ये महामार्ग, शेतं, नदी ओलांडून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला आणि तिथेच राहिला. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला, तो पुन्हा सापडला नाही. नकाशावर जंगलं वेगवेगळ्या रंगांची बेटं दिसतात. मधली ही शेतं, हे नाले वाघाच्या वापरातले आहेत, हे या रस्त्याने गाडी चालवल्यावर कळतं. भिवापूरला थांबून मिरची घ्या, नाव आहे तिचं.

ताडोबा १९५५ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. तारू नावाचा गोंड पुरुष वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला आणि त्याच्या नावावरून ताडोबा, असं सांगतात. तलावाकाठी त्याचं स्थान आहे. थंडीच्या सकाळी त्याच तलावाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. मंगळवारी कोअर बंद असतं, तेवढं दिवस जुळवताना पाहा. दिवाळीची बुकिंगं लवकर भरतात. कोअरचं नाही मिळालं तर बफरचं, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातलं घ्या आणि मन खट्टू करू नका. कोअरची हद्द वाघाला ठाऊक नसते.

सासूबाईंना जिप्सीत सगळ्यात मागच्या सीटवर बसवू नका, सगळे हादरे तिथे लागतात. ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट मागा, कमरेला उशी द्या. सकाळची फेरी चार तासांची धरा, निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. पहाटे उघड्या जिप्सीत वारा झोंबतो. कानटोपी, शाल आणि मुलांना हातमोजेसुद्धा. दहाला ऊन चटका देतं, म्हणून एकावर एक कपडे. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळ प्रत सोबत हवं. ताडोब्यात मोबाइल आत नेता येत नाही. मला ते फार आवडतं. मुलीला एक दुर्बीण घेऊन द्या आणि ती तिचीच राहू द्या.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र नाशिकहून ताडोब्याला निघतोय. आळीपाळीने गाडी चालवू, रात्रभर प्रवास केला तर एक दिवस वाचेल. काही हरकत?

उत्तर : समृद्धीवर एक वेळ तुमचा निर्णय. नागपूर सोडलं की पुढे रात्री नको, हे मी हात जोडून सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भिवापूरकडून चिमूरला जात होते. एका लग्नाहून निघायला उशीर झाला होता, रात्रीचे दहा वाजले असतील. दिव्यांच्या झोतात रस्त्यावर दोन लाल ठिणग्या चमकल्या. मला वाटलं, सायकलचा रिफ्लेक्टर पडलाय. वेग साठ-सत्तर असेल. थप्प असा आवाज आला. थांबले, मागे चालत गेले. रातवा होता. डांबर दिवसभर तापतं, रात्री ऊब धरून असतं, आणि हा पक्षी तिथे येऊन बसतो. तळहातावर घेतला तेव्हा वजन जाणवलंच नाही. वाळल्या पानांचा असावा असा रंग, चोच इवलीशी, तिच्या भोवती राठ केस. अंग अजून गरम होतं. त्याला रस्त्याकडेच्या गवतात ठेवलं आणि पुढचा सगळा रस्ता तिशीने चालवला. त्यानंतर मी जंगलातल्या रस्त्यावर अंधारात गाडी घातलेली नाही. चहाच्या टपरीवर, नातेवाइकांकडे, कुठेही मुक्काम केलाय.

रातवा लहान. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला तर गाडीतलं माणूसही जातं. रानमांजर, साळिंदर, अस्वल, सगळी याच वेळी रस्ता ओलांडतात. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत दरवर्षी माणसं मरतात. लघवीला म्हणून कुठेही अंधारात उतरणं हा पुरुषमंडळींचा शिरस्ता असतो, तो इथे चालत नाही. एक दिवस वाचवू नका. नागपूरला झोपा, सकाळी सावजी खाल्लं नाहीत तरी चालेल, तर्री-पोहे खाऊन निघा.

प्रश्न : नागपूरकरांना सफारीचं बुकिंग न मिळताही दिवाळीत काही बघता येईल का? दोन म्हातारे आहोत, फार धावपळ नको.

उत्तर : पेंचला सिल्लारीला एक रात्र मुक्काम करा. जाताना महामार्गावर जंगलाच्या पट्ट्यात लांबच लांब उंचावलेला रस्ता लागेल. त्याच्या खालून जनावरांना वाट ठेवली आहे. अशा नऊ जागा आहेत, सगळ्यात लांब ७५० मीटरची. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा जाताना टिपले गेले आहेत. वरून गाडी नेताना आपल्याला काहीच कळत नाही, पण मी तिथे नेहमी वेग कमी करते.

रात्री मात्र आकाश बघा. पेंचच्या या भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे आकाश काळं राहावं म्हणून आसपासचे दिवे आवरले आहेत. भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. चंद्राची कोर संध्याकाळीच मावळते आणि पुढची सगळी रात्र अंधारी मिळते. पौर्णिमेकडे सरकलात तर मजा जाते, तेव्हा ओवाळणी झाली की दुसऱ्याच दिवशी दुपारी निघा. पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतील, ज्यांच्यावरून कार्तिकाला नाव मिळालं. डोक्यावर देवयानी तारकासमूहात दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दूरच्या आकाशगंगेचा, धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आधी वीस मिनिटं मोबाइल बघू नका, डोळे अंधाराला सरावावे लागतात. सोबत दोन आरामखुर्च्या, घोंगडी आणि थर्मासमध्ये चहा न्या. सकाळी ऊन आलं की परत फिरा.