वाचक विचारतात: खालच्या लीगमधला लेजंड असतो का?

रीलमध्ये बघितलं, लोक बर्फावर हजारो टेडी बेअर फेकत होते आणि खाली हर्शी लिहिलं होतं. चॉकलेटवाल्यांची जाहिरात आहे का खरी मॅच? (एक वाचक, नाशिक)

खरी मॅच आहे हो. पेनसिल्व्हेनियातलं हर्शी गाव, तेच चॉकलेटचं, आणि तिथली आइस हॉकी टीम हर्शी बेअर्स. वर्षातून एकदा ठरवून घरच्या मॅचला लोक टेडी घेऊन येतात, आपल्या टीमचा पहिला गोल झाला की सगळे एकदम खाली फेकतात आणि मग ते गोळा करून संस्थांना वाटतात. जानेवारी २०२५ मध्ये १,०२,३४३ टेडी पडले होते. मॅच तेवढा वेळ थांबते, कोणी कुरकुर करत नाही. ही टीम एएचएलमध्ये, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळते, एनएचएलच्या (नॅशनल हॉकी लीग, सगळ्यात वरची) बरोबर एक पायरी खाली. एनएचएलच्या ३२ टीम, एएचएलच्याही ३२, प्रत्येकीचं एकेका वरच्या टीमशी नातं. हर्शीचं वॉशिंग्टन कॅपिटल्सशी.

सर, माझी मुलगी तिकडेच असते. तिचे शेजारी ब्रायन हेल्मर म्हणून कोणी डिफेन्समन होता त्याला लेजंड म्हणतात. नेटवर बघितलं तर जवळजवळ सगळं करिअर खालच्या लीगमध्ये! म्हणजे आपल्या अमोल मुझुमदारसारखंच ना, की वर घेतलंच नाही? (एक वाचक, कोथरूड)

अर्धं तसंच, अर्धं नाही. मुझुमदारला इंडियाची कॅप मिळाली नाही ती नाहीच, हेल्मर मात्र एनएचएलमध्ये १४६ मॅचेस खेळलाय, फीनिक्स, सेंट लुइस, व्हँकूव्हर आणि वॉशिंग्टनकडून, पण त्या इतक्या वर्षांत विखुरलेल्या की कुठेच बस्तान असं बसलं नाही. एएचएलमध्ये मात्र १,११७ मॅचेस आणि ५६४ पॉइंट्स (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), आणि तिथल्या डिफेन्समनमध्ये हे आकडे म्हणजे विक्रम आहेत बरं का.

सुरुवात बघा. जन्म १९७२ चा, कॅनडातला, ड्राफ्टमध्ये (एनएचएलच्या टीम नवी पोरं निवडतात तो) कुठल्याच टीमने घेतलं नाही. तरी न्यू जर्सी डेव्हिल्सच्या खालच्या टीमला, ऑल्बनीला जागा मिळाली आणि १९९५ ला ऑल्बनीने काल्डर कप जिंकला (एएचएलची ट्रॉफी). त्याच वर्षी वर डेव्हिल्सनी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची ट्रॉफी, जिंकला, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे, कारण त्या डेव्हिल्सच्या डिफेन्समध्ये कोण, तर स्कॉट स्टीव्हन्स, स्कॉट नीडरमायर, केन डेनेको! एका मॅचला डिफेन्समन सहाच खेळतात, तीन जोड्या, त्यातल्या वरच्या जागा अशा माणसांनी अडवलेल्या असतील तर खालच्याने कितीही चांगलं खेळून उपयोग काय? डेव्हिल्सकडून त्याला एकही एनएचएल मॅच मिळाली नाही. पहिली मिळाली १९९८-९९ च्या सीझनला, फीनिक्सकडून, म्हणजे वय २६.

मग आज वूस्टर, उद्या मॅनिटोबा, परवा सॅन अँटोनियो असं करत करत ३६ व्या वर्षी गडी हर्शीला पोचला. या वयात बहुतेकांनी स्केट खुंटीला टांगलेले असतात. इथे तो कॅप्टन झाला, त्याच सीझनला वॉशिंग्टनने १२ मॅचेसपुरतं वर बोलावलं, आणि हर्शीने २००९ आणि २०१० असे लागोपाठ दोन काल्डर कप मारले. २००९ ची फायनल मॅनिटोबाविरुद्ध, त्याच्या जुन्या टीमविरुद्ध. २०१० च्या फायनलला (फायनल एका मॅचची नसते, चार जिंकाव्या लागतात) टेक्सासविरुद्ध पहिल्या दोन मॅचेस हरून पुढच्या चार सलग जिंकल्या. त्या टीमच्या डिफेन्समध्ये जॉन कार्लसन म्हणून एक पोरगा होता, हेल्मरपेक्षा १७-१८ वर्षांनी लहान, तोच पुढे २०१८ ला वॉशिंग्टनने स्टॅनली कप जिंकला तेव्हा त्यांचा हुकमी डिफेन्समन होता.

तर मला विचाराल तर हळहळ नको. 'वर जाता आलं नाही म्हणून खाली राहिला' हे पहिल्या पाच-सहा वर्षांना लागू पडतं, नंतर खाली राहून पोरांना तयार करणं हाच त्याचा धंदा झाला आणि टीम त्याचेच पैसे देत होती.

पण मग सगळेच म्हातारे खालच्या लीगमध्ये का खेळत नाहीत? पैसे कमी म्हणून? (एक वाचक, सांगली)

पैसे कमी हे खरंय. बऱ्याच जणांचा टू-वे करार असतो, म्हणजे वर खेळलास तर एक पगार, खाली खेळलास तर दुसरा, आणि दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक. काहींचा तर फक्त एएचएल टीमशीच करार, एनएचएलशी संबंधच नाही.

पण मोठी अडचण नियमाची आहे. एएचएलमध्ये मॅचला उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी (गोली, म्हणजे गोलकीपर, सोडून) किमान १३ जण 'डेव्हलपमेंट' खेळाडू असावे लागतात, त्यातले १२ असे की ज्यांच्या प्रोफेशनल मॅचेस २६० पेक्षा जास्त नाहीत, आणि एकाला ३२० पर्यंत चालतं. (कुठल्या लीगच्या मॅचेस धरायच्या याचे बारकावे आहेत, ते सोडा.) म्हणजे जुन्या खोडांना जागा जास्तीत जास्त पाच, फॉरवर्ड आणि डिफेन्स मिळून! चार-पाच सीझन झाले की तुम्ही आपोआप 'व्हेटरन', मग त्या पाचात बसा नाहीतर युरोप गाठा नाहीतर घरी जा. हे डोक्यात ठेवून १,११७ हा आकडा परत बघा.

शिवाय बसचे प्रवास. वीकेंडला कधीकधी तीन दिवसांत तीन मॅचेस, तीन वेगळ्या गावांत, रात्री मॅच संपली की बसमध्येच झोप. डिफेन्समनची कामंही अंग फोडणारी, कोपऱ्यात जाऊन पक (हॉकीची रबरी चकती) काढायचा, पाठीमागून धडक बसणार हे माहीत असून, वर शॉटसमोर आडवं पडायचं. आणि इतकं करून स्कोअरशीटवर काय दिसतं? चांगला खेळला तर काहीच नाही, कारण समोरच्याचा गोल झालाच नाही ना. फॉरवर्डचं बरं असतं, त्याचे गोल सगळ्यांना दिसतात.

आता काय करतात हेल्मर? (तेच कोथरूडचे वाचक)

२०१७ ला एएचएलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. खेळणं थांबवल्यावर पुढे ते हर्शीच्याच ऑफिसात गेले, हॉकी ऑपरेशन्सचे व्हाइस प्रेसिडेंट म्हणून, आणि त्यांच्या कारकिर्दीत टीमने २०२३ आणि २०२४ असे परत लागोपाठ दोन काल्डर कप घेतले. हर्शीचे एकूण आता १३, लीगमध्ये सगळ्यात जास्त.

भारतातून मॅचेस बघता येतात का? (एक वाचक, नाशिक)

येतात, फ्लोहॉकी या स्ट्रीमिंग साइटवर, पैसे भरून. तिकडची संध्याकाळी सातची मॅच म्हणजे थंडीत आपल्याकडे पहाटे साडेपाच. टेडीवाल्या मॅचची तारीख हर्शी बेअर्सच्या साइटवर आधीच लावलेली असते, तेवढी बघून अलार्म लावा.