शेवटाच्या आधी पुस्तक मिटा

प्रिय मित्रा,

तुम्ही मंडळींनी दर आठवड्याला एक जुनी रहस्यकथा वाचायची असं ठरवलंय, हे कळून फार आनंद झाला. पण तू लिहितोस की चर्चा दहा मिनिटांतच आटोपते. ‘मला आधीच संशय होता’, ‘मला तर पत्ताच लागला नाही’, आणि मग गप्पा भलतीकडेच वळतात. असं होणारच. सगळे जण घरून शेवट वाचून येतात, आणि उत्तर हाती आल्यावर प्रश्नावर डोकं कोण खाजवणार? तेव्हा शेवट घरी वाचूच नका. गोष्ट एकत्र बसून, मोठ्यानं वाचा आणि उलगडा सुरू व्हायच्या आधी पुस्तक मिटा.

सुरुवात ‘सिल्व्हर ब्लेझ’पासून करा. कॉनन डॉयलची ही होम्सकथा डिसेंबर १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली. शर्यतीचा घोडा नाहीसा झालाय आणि त्याला तयार करणारा माणूस माळरानावर मरून पडलाय. त्याच्या हातात एक नाजूक, छोटा चाकू. खिशात मेणबत्तीचा तुकडा आणि दुसऱ्याच कुणाच्या नावाचं कपड्यांचं बिल. तबेल्यात राखणीला बसलेल्या पोराच्या जेवणात अफूची पूड सापडते. त्या रात्री जेवायला मटणाची करी होती, आणि घरातल्या बाकीच्यांनीही तीच खाल्ली, पण त्यांना काहीच झालं नाही. निघता निघता होम्स मेंढ्यांची चौकशी करतो, तर तीन मेंढ्या लंगडायला लागल्यात असं समजतं. मग त्या रात्री कुत्र्यानं काहीच केलं नाही, हेच विचित्र, असा तो प्रसिद्ध संवाद येतो. त्यानंतर ‘चार दिवसांनी’ अशी सुरुवात करून होम्स आणि त्याचा सोबती वॉटसन शर्यत बघायला पुन्हा आगगाडीत बसतात. तिथं थांबा. निकालाला लागणारं जवळजवळ सगळं तोपर्यंत तुमच्यासमोर आलेलं असतं.

आता प्रत्येकानं एका चिठ्ठीवर आपला तर्क लिहायचा, आणि त्याखाली तो गोष्टीतल्या कोणत्या वाक्यावर उभा आहे तेही लिहायचं. हा दुसरा भाग सोडू नका, माझा सगळा भर त्याच्यावरच आहे. ‘मला तो माणूस पहिल्यापासून खटकत होता’ हे चालणार नाही. कशावरून? वाक्य दाखव. नेमकी करीच का, दुसरं काही का नाही? जेवण काय करायचं हे त्या दिवशी कोणाच्या हातात होतं? तीन मेंढ्यांचा घोड्याशी काय संबंध? अशा प्रश्नांवर तास सहज जातो, आणि ज्याचा तर्क चुकतो त्याचीही चिठ्ठी ऐकण्यासारखी असते. कित्येकदा त्याच्याकडे पुरावा बरोबर असतो, फक्त त्याचा अर्थ उलटा लावलेला असतो.

हीच कसोटी खुद्द होम्सलाही लावा. ‘ब्लू कार्बंकल’मध्ये (जानेवारी १८९२) त्याच्यासमोर एक जुनी हॅट येते आणि तो एकामागून एक अनुमानं काढत जातो. हॅटवर चरबीच्या मेणबत्तीचे पाच डाग आहेत, म्हणजे या माणसाच्या घरी गॅसचा दिवा नसावा. हे पटतं. हॅटवर कित्येक आठवड्यांची धूळ आहे, म्हणजे बायकोचं त्याच्यावरचं प्रेम आटलंय. इथं जरा थांबायला हवं, धूळ न झटकण्याची दुसरी दहा कारणं असू शकतात. आणि हॅट मोठी, म्हणजे डोकं मोठं, म्हणजे माणूस बुद्धिमान! हे तर सरळ सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. हा सगळा प्रसंग गोष्टीच्या अगदी सुरुवातीला येतो, त्यामुळे रसभंगाची भीती नाही. एकेक अनुमान घ्या आणि पक्कं, कच्चं, निव्वळ फेकलेलं अशी त्यांची वर्गवारी करा. तुमच्यात वाद होतील. होऊ द्या. होम्सवर प्रेम असणं आणि त्याचा प्रत्येक निष्कर्ष मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तो अतिशय प्रिय आहे, आणि तरी त्या हॅटच्या मापावरचं त्याचं बोलणं मला कधीच पटलेलं नाही.

मग एडगर ॲलन पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ घ्या. १८४१ ची ही कथा, आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात बहुतेक जण इथूनच मानतात. पहिली काही पानं विश्लेषणशक्तीवरच्या विवेचनाची आहेत आणि ती जड जातात; एकानं आधी वाचून बाकीच्यांना थोडक्यात सांगितली तरी चालेल. साक्षीपुरावा मात्र शब्दन् शब्द वाचा, आणि एकेक साक्षीदार एकेकाला वाटून द्या. बंद खोलीतून आलेला एक चिरका आवाज सगळ्यांनी ऐकलाय. इंग्रज शिंपी म्हणतो तो जर्मन होता, पण त्याला जर्मन येत नाही. स्पॅनिश माणसाला तो इंग्रजी वाटतो, त्याला इंग्रजी येत नाही. इटालियनाला रशियन वाटतो, तो आयुष्यात रशियन माणसाशी बोललेला नाही. पाच-सहा जणांच्या तोंडून हे पाठोपाठ ऐकलं की कुणीतरी मध्येच ‘अरे, थांबा!’ म्हणून ओरडतंच. एकट्यानं मनात वाचताना हीच जागा नुसत्या डोळ्यांखालून निघून जाते.

उलगडा वाचून झाला की लगेच उठू नका. मागं जा आणि लेखकानं ती गोष्ट कुठं, कशाच्या आड लपवली होती ते शोधा. बहुधा ती एखाद्या लांबलचक यादीच्या मध्यात सापडते, नाहीतर दोन खळबळजनक वाक्यांच्या मध्ये. इथंच लेखक वाचकाशी न्यायानं वागला का, हा प्रश्न येतो. रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले, त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. डॉयलच्या कथा या नियमांच्या कितीतरी आधीच्या, आणि त्यातल्या बऱ्याच या कसोटीवर उतरत नाहीत. तरी त्या आवडतात. का आवडतात, हेही बोला. माहितीतली चूक मात्र वेगळी धरा. ‘सिल्व्हर ब्लेझ’ लिहिताना घोड्यांच्या शर्यतीचे नियम आपल्याला ठाऊक नव्हते, हे डॉयलनं आत्मचरित्रात मोकळेपणानं मान्य केलंय. त्यानं कोड्याला काही बाध येत नाही.

ज्यानं गोष्ट आधी वाचली असेल त्याच्याकडे मोठ्यानं वाचायचं काम द्या. त्यानं चिठ्ठी लिहायची नाही आणि गालातल्या गालात हसायचंही नाही.

थोडे रुळलात की आर. ऑस्टिन फ्रीमनच्या ‘द सिंगिंग बोन’ (१९१२) या संग्रहातली एखादी कथा काढा. त्यातल्या बहुतेक कथांत गुन्हा कोणी आणि कसा केला हे पहिल्या भागातच कळतं, आणि गुप्तहेर डॉ. थॉर्नडाइक तो कसा पकडणार एवढंच बघायचं असतं. चिठ्ठीवर मग प्रश्न बदलतो: गुन्हेगाराच्या हातून काय मागं राहिलं?

सुझन ग्लास्पेलची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (१९१७) मात्र इतक्यात वाचू नका. पुरुष मंडळी घरभर पुरावा शोधत फिरतात, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या दोन बायकांना अर्धवट पुसलेलं टेबल दिसतं, गोधडीच्या एका तुकड्यावरची अचानक वेडीवाकडी झालेली शिवण दिसते. तिथं खुनी कोण यापेक्षा जे कळलंय त्याचं काय करायचं, हा प्रश्न मोठा होतो, आणि त्यावर मित्रामित्रांत खरोखरचे मतभेद होतात. एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय लागली की मगच ती घ्या, आणि त्या दिवशी दुसरी कुठलीही गोष्ट ठेवू नका.

सस्नेह,
तुझा काका