ताडपत्री आधी सोडा

अंगणातल्या कोंबड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही ठाण्याला कोलशेत गावठाणात राहतो. घरामागे जिन्याखाली खुराडं आहे, त्यात दहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. थंडी पडायला लागली तशी ह्यांनी पावसाळ्यातली निळी ताडपत्री चारही बाजूंनी बांधली आणि आत शंभरचा बल्ब लावला. तरी दिवाळीपासून अंडी जवळजवळ बंद आहेत. तिघी-चौघींची पिसं झडून माना उघड्या पडल्यात. एक सकाळी शिंकते, डोळ्यांतून पाणी गळतं. सासूबाई म्हणतात, थंडी बाधली, लसूण घाल. शिवाय आठवड्याची बारा पिल्लं विकत आणली आहेत. अंडी न देणाऱ्या कोंबड्या काढून टाकाव्यात का? – एक वाचक

उत्तर : ताई, आधी ताडपत्री सोडा, मग पुढचं वाचा.

निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, ती थंडी वेगळी. ठाण्यात पहाटे पारा पंधराच्या आसपास आला की आपण स्वेटर शोधतो, पण कोंबडीच्या अंगातच ४१ अंशांची ऊब असते आणि वर पिसांची गोधडी. पूर्ण पिसांच्या मोठ्या कोंबडीचं एवढ्या गारव्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते कोंडलेल्या ओलीनं. रात्रभरचा श्वास आणि शिट यांची ओल ताडपत्रीच्या आत साचते, शिट कुजते, त्यातून अमोनिया सुटतो. उद्या सकाळी खुराड्याचं दार उघडून कोंबडीच्या उंचीला वाका. तुमचे डोळे चुरचुरले तर तिच्या डोळ्यांतून पाणी का येतं, ते विचारायला नको. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मुरबाड-शहापूरचे पाडे मी सायकलवर फिरलोय. कुडाच्या फटींतून वारा खेळणाऱ्या खुराड्यातल्या कोंबड्या हिवाळ्यात ठणठणीत असायच्या, आणि शिंकणाऱ्या बहुधा बंगलेवाल्यांच्या, चांगल्या झाकपाक केलेल्या.

आडोसा लागतोच, पण वारा येतो त्या बाजूला, बहुतेक उत्तर-पूर्वेला. तिथे गोणपाट लावा आणि वर छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवा. वारा बसलेल्या कोंबडीच्या अंगावर यायला नको, डोक्यावरून जायला हवा. खाली तीन-चार बोटं भाताचं तूस पसरा, रोज खालीवर करा. मुठीत दाबून गोळा झाला तर तूस ओलं आहे, बदला. आणि तो शंभरचा बल्ब काढाच. ताडपत्रीला चिकटला तर घर पेटेल.

आता अंडी. कोंबडी अंडं घालते ती उजेडावर. नेटानं घालायला तिला चौदा तासांचा दिवस लागतो. डिसेंबरात आपल्याकडे तो अकरा तासांचा असतो. त्यातच पिसं झडायचा हंगाम. नवं पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचं, म्हणून खाल्लेलं तिकडे जातं आणि अंडं थांबतं. हा आजार नव्हे, दोन-तीन महिन्यांत नवी पिसं भरतात. पोल्ट्रीवाले पहाटे चारला दिवा लावून दिवस लांबवतात. तुम्हालाही ते जमेल, नऊ वॅटचा एलईडी पुरतो, पण पिसं झडलेल्या कोंबडीला जागवून अंडं काढू नये, असं माझं मत आहे. तिला विसावा द्या.

खाण्यात शेंगदाण्याची पेंड आणि सुकट द्या. कोलशेतला सुकटीची वानवा नसावी! फक्त ती दोनदा धुवा, मीठ कोंबडीला सोसत नाही. संध्याकाळी झोपण्याआधी मूठभर भरडलेला मका. तो रात्रभर पचतो आणि आतून ऊब देतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. लसूण घाला, अपाय नाही, सासूबाईही खूश राहतील. पण शिंकणारी कोंबडी वेगळ्या डालग्याखाली ठेवा. हवा मोकळी करूनही चार दिवसांत शिंक थांबली नाही, किंवा हिरवी शिट दिसली, मान वाकडी झाली, तर डॉक्टरांना दाखवा. हिरवी शिट आणि वाकडी मान ही राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लक्षणं असू शकतात.

पिल्लांची गोष्ट मात्र निराळी. त्यांना पिसं नाहीत, म्हणून थंडीनं मरतात ती हीच. पहिल्या आठवड्यात ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी. इथे जुना पिवळा बल्ब हवा. एलईडीची ऊब पिल्लांपर्यंत पोचत नाही, हे लक्षात न आल्यानं किती तरी घरी पिल्लं गेलेली पाहिली. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघडल्या तर वर घ्या. सारखी विखरून चरत असली की बरोबर. लासोटाचा, म्हणजे राणीखेतवरच्या लशीचा, थेंब दिला होता का, विकणाऱ्याला विचारा, नसेल तर आत्ताच द्या. कुपी सहसा शंभर डोसांची येते आणि फोडली की लगेच संपवावी लागते, म्हणून आळीतले सगळे मिळून आणा. बर्फातूनच आणा.

कोंबड्या काढू नका. फेब्रुवारीत बोला.

प्रश्न : आम्ही घणसोलीचे. खाडीत फ्लेमिंगो आले की बर्ड फ्लू येतो, असं शेजारी सांगतात. कोंबड्या विकून टाकू? – एक वाचक

उत्तर : फ्लेमिंगो तुमच्या अंगणात दाणे टिपायला येत नाहीत. येतात ते कावळे, कबुतरं, बगळे. दाणापाणी छपराखाली ठेवा, उरलेलं संध्याकाळी उचला. खाडीवर जाऊन आलेल्या चपला खुराड्यात नेऊ नका. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत खरोखर बर्ड फ्लू निघाला होता आणि हजारो पक्षी मारावे लागले, त्यामुळे भीती अगदीच हवेतली नाही. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर त्या कापू नका, विकू नका, उघड्यावर टाकू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवी चिकन आणि अंडी नीट शिजवून खुशाल खा, ७० अंशांवर विषाणू टिकत नाही. आजूबाजूला साथ असेल तर हाफ फ्राय मात्र नको.