कंपन्यांकडे असलेला आपला डेटा सरकारला कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळू शकतो का?

हो, काही वेळा सरळ विकत मिळतो. अमेरिकेत २०१८ साली कार्पेंटर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, मोबाइल कंपनीकडून एखाद्याच्या ठावठिकाण्याच्या जुन्या नोंदी हव्या असतील तर पोलिसांनी साधारणपणे वॉरंट आणावं. तरीही तिथल्या सरकारी यंत्रणांनी डेटा ब्रोकरांना, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांना, पैसे मोजून तसलीच माहिती घेतली. हवामानाच्या नाहीतर गेमच्या अ‍ॅपला आपण लोकेशनची परवानगी देतो ना, तिथून ती बाहेर पडते. त्यात नाव नसतं म्हणे! पण रोज रात्री फोन कुठे असतो हे कळलं की नाव शोधायला कितीसा वेळ लागणार? व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये असा कुलूपबंद, असतो, पण कोणाशी संपर्क केला याची नोंद मागवता येते. तेव्हा नको त्या अ‍ॅपची लोकेशन परवानगी आजच काढा.